स्लाइडशो करायचाय, पण कशात?

साठीशांत असो, सहस्रचंद्रदर्शन असो की लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, हॉलच्या पडद्यावर जुने फोटो सरकल्याशिवाय हल्ली समारंभ पार पडत नाही. हे काम घरातल्या ‘कॉम्प्युटर कळणाऱ्या’ भाच्याच्या किंवा सुनेच्या गळ्यात पडतं. मग सल्ले सुरू होतात. ‘मूव्ही मेकर टाक, सोपं आहे.’ ‘पिकासात कर, फुकट आहे.’ ‘प्रोशो घे, स्टुडिओवाले तेच वापरायचे.’ तिन्ही सल्ले मनापासून दिलेले असतात आणि तिन्ही सॉफ्टवेअर बंद पडलेली आहेत.

विंडोज मूव्ही मेकर २००० साली विंडोज मीबरोबर आलं. त्याच्या २०१२च्या आवृत्तीचा आधार आणि अधिकृत डाउनलोड मायक्रोसॉफ्टने १० जानेवारी २०१७ रोजी थांबवलं. गूगलने २००४ मध्ये विकत घेतलेलं पिकासा मार्च २०१६ मध्ये गुंडाळलं गेलं. प्रोशो बनवणारी फोटोडेक्स ही टेक्ससमधली कंपनी तर जानेवारी २०२० अखेर बंदच झाली.

‘बंद झालं तर काय, कुठून तरी मिळतंच की!’ हा यातला सर्वांत महागात पडणारा गैरसमज. नोव्हेंबर २०१७ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने असाच एक सापळा उघड केला. मूव्ही मेकर शोधणाऱ्यांना गूगलच्या निकालांत अगदी वर एक बनावट साइट दिसत होती. तिथून उतरवलेलं सॉफ्टवेअर चालायचं अस्सलसारखंच. फोटो लावून झाले, गाणं बसवलं आणि सेव्ह करायला गेलं, की ते २९.९५ डॉलर मागायचं, तेही मूळ जे फुकट होतं त्यासाठी. ज्यांच्या जुन्या मशीनवर अस्सल मूव्ही मेकर आधीपासून आहे, त्यांनी ते खुशाल वापरावं. नव्याने शोधायला मात्र जाऊ नये.

यातूनच दुसरा समज पक्का झाला असावा: फुकटचं सॉफ्टवेअर म्हटलं की व्हिडिओवर कंपनीचा शिक्का येणारच. वस्तुस्थिती अशी, की शिक्का येतो तो बहुतेक वेळा विकतच्या सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत. ओपनशॉट, शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअर खरोखरच मोफत आहेत आणि शिक्का मारत नाहीत. विंडोज ११बरोबर येणारं क्लिपचॅम्प मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये विकत घेतलं. त्याची मोफत आवृत्ती १०८०पी, म्हणजे फुल एचडीपर्यंतचा व्हिडिओ विनाशिक्का देते, मात्र त्यातली ‘प्रीमियम’ चिन्हाची गाणी आणि चित्रं वापरली तर पैसे पडतात. मॅकवाल्यांकडे आयमूव्ही असतंच. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती याहून कितीतरी ताकदवान आहे. पण ती १६ जीबी रॅम आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड मागते, आणि चाळीस फोटो एका गाण्यावर सरकवण्यासाठी तिची गरज नाही.

निवड करताना यादीतली वैशिष्ट्यं वाचत बसण्यापेक्षा एक चाचणी करावी. कुठलेही तीन फोटो, एक मराठी शीर्षक आणि दहा सेकंदांचं गाणं टाकून थेट अंतिम व्हिडिओ काढून पाहावा. शिक्का, पैशांची मागणी, मोडकी अक्षरं, जे काही निघायचं ते तिथेच निघतं. दोनशे फोटो लावून झाल्यावर, समारंभाच्या आदल्या रात्री निघत नाही.

मोडक्या अक्षरांबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण परदेशी तुलनांमध्ये आणि ‘टॉप टेन’ याद्यांमध्ये हा मुद्दा नसतोच. शीर्षकात ‘वऱ्हाडी मंडळी’ किंवा ‘शिर्के परिवार’ असं टाइप करावं आणि बघावं. काही सॉफ्टवेअरमध्ये ‘शि’ची वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते. ‘र्के’वरचा रफार उतरून पाय मोडलेला सुटा ‘र्’ उभा राहतो. ‘ऱ्हा’मधल्या चंद्रकोरीसारख्या ‘र’चं तर काय होईल सांगता येत नाही, आणि अधूनमधून ठिपक्यांचं गोल वर्तुळ उगवतं. ‘फॉन्ट बदल, होईल ठीक’ हा यावरचा नेहमीचा तोडगा, आणि तो बहुधा चालत नाही. देवनागरीत अक्षरं नुसती ओळीने मांडून भागत नाही. कुठलं अक्षर कुणाला जोडायचं, वेलांटी कुठे सरकवायची, रफार कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, हे गणित सॉफ्टवेअरला करावं लागतं. ज्याला ते येत नाही, त्यात मंगल घाला, निर्मला घाला की मुंबईच्या एक टाइपने केलेला देखणा मुक्ता घाला, मोडतोड तीच.

उलट बाजूचा घोटाळाही आहे. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मजकूर आणला, तर त्याच्या संगणकावर तो झकास दिसतो आणि आपल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा काला होतो. तिथे दोष सॉफ्टवेअरचा नसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करावा लागतो किंवा परिवर्तकातून बदलून घ्यावा लागतो.

दोन्हींवर चालणारी एक जुनी युक्ती आहे. शीर्षकाची पाटी पॉवरपॉइंटमध्ये तयार करायची, ती चित्र म्हणून, म्हणजे पीएनजी स्वरूपात सेव्ह करायची आणि इतर फोटोंसारखाच एक फोटो म्हणून स्लाइडशोत लावायची. चित्रातली वेलांटी हलत नाही.

पॉवरपॉइंटचं नाव निघालंच आहे तर हेही सांगायला हवं, की ते फक्त ऑफिसातल्या मीटिंगसाठी आहे ही समजूत चुकीची आहे. त्यात ‘फोटो अल्बम’ नावाची सोय असते. फोल्डरमधले सगळे फोटो एकदम निवडले की एका पानावर एक अशी मांडणी आपोआप होते. शिवाय २०१०च्या आवृत्तीपासून सादरीकरणाचा थेट व्हिडिओ काढता येतो. घरगुती समारंभासाठी नवं काही शिकायचंच नसेल, तर या लेखकाचं मत पॉवरपॉइंटलाच.

‘पडद्यावर फोटो फुटले, सॉफ्टवेअर हलकं होतं,’ ही तक्रार नेहमीची. इथे थोडी आकडेमोड करू. फुल एचडीचा पडदा १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम २१ लाख ठिपक्यांचा. साध्या मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो १ कोटी २० लाख ठिपक्यांचा. फोरके टीव्हीलाही सुमारे ८३ लाखच लागतात. म्हणजे मूळ फोटोत हवं त्याहून किती तरी जास्त असतं. फोटो फुटतो तो व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेला. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो बराच लहान होऊन पोचतो, आणि सॉफ्टवेअर हजार रुपयांचं असो की लाखाचं, गेलेले ठिपके परत आणत नाही. मावशीला सांगायचं ते इतकंच, की फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतली तारखेची नोंदही व्हॉट्सअॅप काढून टाकतं. त्यामुळे तारखेनुसार फोटो लावायला गेलं, की बारसं लग्नाच्या नंतर येतं.

अल्बममधल्या छापील फोटोंचं काय? चार बाय सहा इंची फोटो ३०० डीपीआयला स्कॅन केला तर १२०० गुणिले १८०० ठिपके मिळतात. फुल एचडीला ते पुरतात. त्यातल्या एखाद्या चेहऱ्यावर कॅमेरा न्यायचा असेल, तर ६००ला स्कॅन करावा.

स्थिर फोटोवर कॅमेरा असा हळूच सरकवण्याला सॉफ्टवेअरच्या मेनूत ‘केन बर्न्स इफेक्ट’ म्हणतात. अमेरिकी यादवी युद्धावरच्या १९९०च्या माहितीपट मालिकेमुळे तिचे दिग्दर्शक बर्न्स यांचं नाव या तंत्राला चिकटलं. तंत्र मात्र जुनं आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९५७ मध्ये केलेल्या ‘सिटी ऑफ गोल्ड’मध्ये ते दिसतं. दोन्हींकडे कॅमेरा कुठून कुठे जाणार हे माणसाने ठरवलं होतं. संगणकावर ‘ऑटो’ ठेवलं, की तो खुशाल आजोबांचं डोकं कापून मागच्या कपाटाकडे जातो. म्हणून महत्त्वाच्या फोटोंची चौकट हाताने बसवता येते का, हे बघावं. दोनशे प्रकारची ट्रान्झिशन आहेत का, हे बघण्यात अर्थ नाही. फोटो चक्राकार फिरणं, पानासारखं उलटणं, हृदयाच्या आकारात विरघळणं, हे सारं तिसऱ्या फोटोनंतर डोळ्यांना टोचायला लागतं.

आणि फोटोंची संख्या. प्रत्येकी पाच सेकंदांनी २०० फोटो म्हणजे १६ मिनिटं ४० सेकंद. तोवर पाहुणे पंगतीकडे सरकलेले असतात.

प्रोजेक्ट सेव्ह केला म्हणजे व्हिडिओ तयार झाला, या समजुतीने तर भल्याभल्यांची फजिती केली आहे. प्रोजेक्टची फाइल म्हणजे वाण्याला दिलेली यादी, किराणा नव्हे. बऱ्याच सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये फोटो नसतातच. कुठला फोटो कुठल्या फोल्डरात आहे आणि किती सेकंद दाखवायचा, एवढीच नोंद असते. ती फाइल पेनड्राइव्हवर घालून हॉलवर नेली, की फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. घरीच फोल्डरचं नाव बदललं तरी तेच. म्हणून आधी सगळे फोटो आणि गाणी एका फोल्डरात घ्यावीत, तो नंतर हलवू नये आणि शेवटी ‘एक्स्पोर्ट’ करून एमपी४ फाइल काढावी. सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी ही फाइल चालते. प्रोशोचे प्रोजेक्ट नुसते जपून ठेवणाऱ्यांना आता ते उघडायचे कशात, असा प्रश्न आहे.

हॉलवाल्याचा टीव्ही ही फाइल घेईल का? एच.२६४ पद्धतीची एमपी४ बहुतेक टीव्ही घेतात. पंधरा मिनिटांचा फुल एचडी व्हिडिओ साधारण एक जीबीच्या आसपास भरतो, त्यामुळे फॅट३२ पेनड्राइव्हची एका फाइलसाठीची ४ जीबीची मर्यादाही आड येत नाही. ‘डीव्हीडीच काढ, क्लिअर दिसतं,’ म्हणणारे काका अजून भेटतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर एक पंचमांश.

राहिलं गाणं. ‘जुनं गाणं आहे, त्याला कसला कॉपीराइट?’ असं सर्रास म्हटलं जातं. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीनंतर ६० वर्षं संरक्षण असतं. गीतकार आणि संगीतकारांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतात. त्यामुळे ध्वनिमुद्रण मोकळं झालं तरी शब्द आणि चाल मोकळी झालेली असेलच असं नाही. १९५७च्या कायद्याचं कलम ५२ लग्नाशी निगडित समारंभांत गाणी वाजवायला सूट देतं. पण तोच स्लाइडशो यूट्यूबवर चढवला, की ती सूट तिथे लागू पडत नाही, आणि यूट्यूबची स्वयंचलित यंत्रणा गाणं काही वेळात ओळखते. मग कधी आवाज बंद होतो, कधी व्हिडिओवर जाहिराती येतात आणि कमाई गाण्याच्या मालकाकडे जाते. अमेरिकेतल्या आतेभावाला दुवा पाठवायचा असेल, तर प्रोजेक्ट उघडा असतानाच गाण्याची पट्टी बदलून तिथे यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं मोफत संगीत लावावं आणि दुसरी एमपी४ काढून ठेवावी.