कुंपणाच्या आतला अपघात : गैरसमज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रातील शहरांत मोटारींची संख्या जसजशी वाढत गेली आणि गृहनिर्माण संस्थांची आवारे, मॉलची तळघरे, रुग्णालयांची प्रांगणे व मंगल कार्यालयांची पटांगणे त्यांनी भरून गेली, तसतसे रस्त्यावरील भीषण अपघातांच्या जोडीला किरकोळ म्हणून दुर्लक्षिले जाणारे निराळ्या जातीचे अपघातही नित्याचे झाले. गाडी मागे घेताना शेजाऱ्याच्या गाडीला आलेला पोचा, वळणावर घासलेला दरवाजा, फाटकाला वा भिंतीला लागलेला धक्का असे त्यांचे स्वरूप असते. यांविषयी सुशिक्षितांतही अशी समजूत दृढमूल झालेली आढळते की, गाडी रस्ता सोडून कुंपणाच्या आत आली म्हणजे मोटार वाहन कायद्याचा अंमल संपला आणि उरला तो केवळ शेजारधर्म. शेजारधर्माचे मोल मी यत्किंचितही कमी लेखत नाही. परंतु ही समजूत कायद्याच्या कसोटीवर उतरत नाही, आणि तिच्यापायी अनेक सज्जन माणसे नकळत कसुरदार ठरतात.

प्रथम मूळ व्याख्या पाहू. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 2(34) मध्ये सार्वजनिक स्थळ कशास म्हणावे हे सांगताना जागेचा मालक कोण, हा प्रश्न विचारलेलाच नाही. ज्या रस्त्यावर, वाटेवर वा अन्य स्थळी लोकांना प्रवेशाचा हक्क आहे, मग ती आरपार रहदारीची वाट असो वा नसो, ते सार्वजनिक स्थळ, असे तेथे म्हटले आहे. विम्याच्या दायित्वासंबंधीचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आला, तेव्हा 1939 च्या जुन्या अधिनियमाचा अर्थ लावताना त्या पीठाने असा निर्वाळा दिला की, खासगी मालकीच्या ज्या जागेत लोकांना प्रवेश मिळतो, मग तो मुक्त असो वा कोणत्याही प्रकारे नियंत्रित असो, ती जागाही या प्रयोजनासाठी सार्वजनिक स्थळच होय. तेव्हा फाटकावर वॉचमन बसला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही ठेवलेली आहे किंवा आत शिरताना पावती फाडावी लागते, एवढ्याच कारणाने ते आवार कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. अर्थात याला मर्यादा आहे. विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातील बंदिस्त आवारापुरत्याच वापरल्या जाणाऱ्या वाहनांवरील कराचा प्रश्न 2025 साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता, सर्वसामान्य लोकांना जेथे प्रवेशाचा हक्कच नाही असे ते आवार करापुरते सार्वजनिक स्थळ ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे प्रत्येक जागेचा निर्णय तेथील प्रवेशाच्या वस्तुस्थितीवर होतो.

परंतु माझ्या मते या व्याख्येच्या चर्चेत लोक नको तितके गुंततात. कारण अपघातानंतरच्या कर्तव्यांचे जे मुख्य कलम, म्हणजे कलम 134, त्यात ‘सार्वजनिक स्थळी’ अशी अटच घातलेली नाही. मोटार वाहनाचा संबंध असलेल्या अपघातात एखादी व्यक्ती जखमी झाली किंवा त्रयस्थाच्या मालमत्तेचे नुकसान झाले, की ते लागू होते. आणि त्रयस्थाची मालमत्ता म्हटले की तीत शेजाऱ्याची स्कूटर, सोसायटीचे फाटक, दुकानाची पायरी व दिव्याचा खांब हे सर्वच येते. या कलमानुसार चालकाने, जमावाचा प्रक्षोभ वा आपल्या आवाक्याबाहेरचे दुसरे कारण आड येत नसेल तर, जखमी इसमाला नजीकच्या डॉक्टरकडे वा रुग्णालयात पोहोचविण्याची शक्य ती सर्व तजवीज केली पाहिजे. पोलीस अधिकारी हजर असल्यास त्याने मागितलेली माहिती दिली पाहिजे, आणि तो हजर नसल्यास घडलेली हकिकत नजीकच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, व कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत, कळविली पाहिजे. शिवाय विमा कंपनीस पॉलिसीचा क्रमांक व मुदत, अपघाताची तारीख, वेळ व स्थळ, जखमींचा तपशील आणि चालकाचे नाव व परवान्याचा तपशील लेखी कळविला पाहिजे.

मालक जागेवर नाही, म्हणून वायपरखाली नाव व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवून निघून जाणाऱ्या माणसाचा प्रामाणिकपणा निःसंशय वाखाणण्याजोगा आहे, व तशी चिठ्ठी प्रत्येकाने ठेवावीच. पण ती चिठ्ठी म्हणजे पोलीस ठाण्यातील वर्दी नव्हे. समोरचा मालक हजर असेल तर कलम 132 प्रमाणे, त्याने आपले नाव-पत्ता देऊन मागणी केल्यास, चालकाने आपले व वाहनमालकाचे नाव-पत्ते सांगणे प्राप्त आहे. गाडी चालवणारा चिरंजीव असो वा पगारी ड्रायव्हर, पोलिसांनी विचारल्यास त्याची माहिती देण्याचे बंधन कलम 133 अन्वये मालकावर येते. कलम 133 वा 134 चे पालन न केल्यास कलम 187 मध्ये पूर्वी तीन महिन्यांपर्यंत कैद वा 500 रुपयांपर्यंत दंड होता. 2019 च्या दुरुस्तीने तो सहा महिने वा 5,000 रुपये, किंवा दोन्ही, असा वाढविण्यात आला, आणि पुन्हा तोच गुन्हा करणाऱ्यास एक वर्ष वा 10,000 रुपयांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमजही तितकाच प्रचलित आहे. पोचा आला म्हणजे गुन्हा झाला, आता अटक होणार, या धास्तीनेच पुष्कळजण पळ काढतात. वस्तुतः भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मधील आगळीक सिद्ध होण्यास नुकसान करण्याचा उद्देश किंवा ते होईल याची जाणीव लागते. अनवधानाने लागलेला धक्का त्यात बसत नाही. कलम 281 मधील बेदरकारपणे वाहन हाकण्याचा गुन्हा सार्वजनिक मार्गापुरता आहे. मात्र मनुष्य जखमी झाला की चित्र पालटते. दुसऱ्याच्या जीविताला धोका पोहोचविणाऱ्या निष्काळजी कृत्याबद्दलच्या कलम 125 ला जागेचे बंधन नाही, आणि सोसायटीच्या आवारात खेळणाऱ्या मुलाला मागे येणाऱ्या गाडीचा धक्का लागला तर ‘ही आमची खासगी जागा’ हा बचाव तेथे चालत नाही. निव्वळ पत्र्याचे नुकसान हा बहुतांशी दिवाणी भरपाईचा विषय आहे. त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि मालमत्तेच्या नुकसानीची मागणी 2,000 रुपयांहून अधिक असल्यास दावेदाराला दिवाणी न्यायालयाचा पर्यायही असतो. सोसायटीच्या कार्यकारिणीने समेट जरूर घडवावा, पण दोष कोणाचा याचा निवाडा करण्याचा अधिकार तिला नाही.

जागेवरच पैसे देऊन प्रकरण मिटविले की सारे संपले, असे मानणाऱ्यांनी आपली पॉलिसी एकदा शेवटच्या पानापर्यंत वाचावी. प्रमाणित मोटार पॉलिसीत अशी अट असते की, कंपनीच्या लेखी संमतीवाचून विमाधारकाने दायित्वाची कबुली, भरपाईचे वचन वा रक्कम देऊ नये. तेव्हा आज शेजाऱ्याला ‘सारा खर्च माझा’ असे लिहून द्यायचे आणि उद्या तोच खर्च कंपनीकडे मागायचा, हा मार्ग आपणच बंद करून घेतलेला असतो. स्वतःच्या खिशातून देण्याची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. मात्र तेव्हाही किती रक्कम, कशापोटी आणि पुढे काही मागणी उरली नाही, असा दोघांच्या सह्यांचा कागद करून ठेवावा. त्रयस्थाच्या मालमत्तेपोटी खासगी मोटारीस साधारणतः 7.5 लाख व दुचाकीस 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. परंतु हप्त्यात थोडी सवलत मिळावी म्हणून ही मर्यादा 6,000 रुपयांवर आणण्याची मुभा आहे, व ती आपण घेतली होती हे पुष्कळांना अपघातानंतरच कळते.

‘वाहने मालकाच्या जबाबदारीवर उभी करावीत’ ही पाटी फार तर वाहनतळ चालविणारा व गाडीचा मालक यांच्यापुरती असते. धक्का देणाऱ्या तिसऱ्याला ती मुक्त करीत नाही. वाहनतळ चालविणाऱ्यालाही ती नेहमी तारीत नाही: ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, गाडीची किल्ली हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिल्यानंतर त्याच्या हयगयीची जबाबदारी अशा मजकुराच्या आडून टाळता येत नाही.

ज्या गैरसमजाची मला सर्वांत अधिक चिंता वाटते, तो पालकांचा आहे. आवारातच तर चालवतोय, म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्यांनी सार्वजनिक स्थळाचा वर सांगितलेला व्यापक अर्थ पुन्हा एकवार ध्यानात घ्यावा, आणि त्याच्या जोडीला मोटार वाहन अधिनियमात 2019 साली आलेले कलम 199क वाचावे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व 25,000 रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही.

सोसायट्यांच्या कार्यकारिणींना माझी विनंती आहे की, नजीकच्या पोलीस ठाण्याचा दूरध्वनी क्रमांक वाहनतळातील फलकावर लिहावा, आणि धक्का लागल्याचे कळताच त्या वेळचे कॅमेऱ्यातील चित्रण पुसले जाण्यापूर्वी जपून ठेवावे. आणि ज्याच्या हातून धक्का लागला त्याने समोरच्याच्या तक्रारीची वाट पाहत बसू नये. कायद्याने दिलेले 24 तास घटनेच्या क्षणापासून मोजले जातात.