पाच सेकंदांची परीक्षा

खिडक्यांना काळा कागद लावून खोली अंधारी केलेली असते. समोर मोठा पडदा, पडद्यापुढे तीन खुर्च्या, खुर्च्यांवर तीन परीक्षक आणि प्रत्येकाच्या हातात गुण देण्याचे बटणांचे छोटे यंत्र. फोटो येतो, चार-पाच सेकंद थांबतो. तिघे आपापले बटण दाबतात, कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या कार्यकर्त्याला बेरीज दिसते आणि पुढचा फोटो येतो. फोटो कोणाचा, कुठल्या गावचा, तो मिळवायला काढणारा किती पहाटे थंडीत बसून होता, यातले काहीही परीक्षकांना कळू दिले जात नाही. गुण देताना त्यांनी एकमेकांशी बोलायचेही नसते. सकाळी नऊला सुरू झालेले काम दिवे लागेपर्यंत चालते.

कॅमेरा क्लबांच्या दुनियेत या प्रकाराला ‘सलोन’ म्हणतात. गल्लीतले केस कापायचे सलून आणि हे सलोन एकाच फ्रेंच शब्दातून आले. पॅरिसमध्ये चित्रकारांच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनाला ते नाव होते. फोटो ही नुसती यंत्राची करामत नसून कला आहे असे मानणाऱ्या लंडनच्या ‘लिंक्ड रिंग’ या गटाने 1893 पासून आपल्या वार्षिक प्रदर्शनाला तेच नाव दिले. नाव घेण्यामागे हक्क सांगणे होते. चित्राला जी भिंत मिळते ती आम्हालाही मिळाली पाहिजे, एवढाच तो हक्क. आज जगभरातले क्लब सलोन भरवतात आणि आपल्याकडचे हौशी लोक रात्री जेवणे आटोपल्यावर त्यांच्या एंट्र्या भरत बसतात, तेव्हा तो जुना हक्कच पुन्हा सांगितला जात असतो.

आपल्याकडे हे वेड उशिरा आले असा समज आहे, तो चुकीचा आहे. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी 1853 च्या जानेवारीत स्थापन झाली आणि 1854 च्या ऑक्टोबरात मुंबईची. मध्ये दोन वर्षेही गेली नाहीत. मद्रास आणि कलकत्ता त्यानंतर आले. मुंबईच्या संस्थेचे अध्यक्ष कॅप्टन हॅरी बार, सभासदांत बहुतेक साहेब लोक, पण सुरुवातीच्या मंडळींत डॉ. भाऊ दाजी लाड होते. गोव्यातल्या पेडणे भागातल्या मांद्र्याहून आलेला हा माणूस दिवसा रोगी पाही, उरलेल्या वेळात शिलालेख वाची. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर स्वतःच चांगले फोटोग्राफर. या संस्थेच्या आश्रयाने 1856 च्या अखेरीस एक मासिक अल्बम निघू लागला. त्यात छापील चित्रे नव्हती, खरे फोटो एकेक करून डकवलेले असत. तेव्हाचे तंत्र आठवून पाहावे. काचेवर ओले रसायन ओतायचे, ते सुकायच्या आत फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. मुंबईच्या उकाड्यात हा खटाटोप हौसेखातर करणारी माणसे एकत्र बसून एकमेकांचे फोटो पाहत होती. क्लब म्हणतात तो हाच. पावणेदोनशे वर्षांत त्याच्या गाभ्यात काही फरक पडलेला नाही.

आजच्या क्लबांचा थेट पूर्वज मात्र 1937 साली मुंबईतच स्थापन झालेली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया. पुढे 1950 साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात फियाप ही आंतरराष्ट्रीय महासंघटना उभी राहिली, 1953 साली आपल्या देशातल्या क्लबांचा महासंघ झाला आणि कामाला एक चौकट आली. सलोनला फियापची मान्यता मिळाली की त्यात निवडलेला फोटो मोजणीत धरला जातो. निवड झाली की ‘अ‍ॅक्सेप्टन्स’. वेगवेगळ्या देशांत पुरेशी अ‍ॅक्सेप्टन्स जमली की नावापुढे लावायला पदवी मिळते, आधी एएफआयएपी, मग ईएफआयएपी, मग तिच्याही कांस्य, रौप्य, सुवर्ण अशा पायऱ्या. लग्नपत्रिकेत एमबीबीएस छापावे तशा अभिमानाने लोक ही अक्षरे छापतात. मला त्यात गैर वाटत नाही. पोस्टात, बँकेत, शाळेत नोकरी करून, रजा जपून जपून वापरून मिळवलेली अक्षरे आहेत ती.

आता एंट्री संगणकावरून जाते. 1920 बाय 1080 पिक्सेलची फाइल, नाव, शीर्षक, फी, संपले. पूर्वी फोटो खरोखर प्रवास करत. 12 बाय 15 इंचांचा प्रिंट, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत बांधलेला, पोस्टाने परदेशी जाई आणि कधी कधी वर्षभराने परत येई. माझ्याकडे अशा जुन्या प्रिंटपैकी एक आहे, क्लबमधल्या एका दिवंगत ज्येष्ठांच्या घरच्यांनी दिलेला. नदीकाठी कपडे धुणाऱ्या बायका, मागे धूर. चित्र सुंदर आहेच, पण मी तो हातात घेतला की आधी उलटा करतो. पाठीवर सलोनांची तिकिटे डकवलेली आहेत, रंगीत, वेगवेगळ्या आकारांची, काही निम्मी फाटलेली. एका कोपऱ्यात त्यांच्या हातचे पेन्सिलीचे आकडे आहेत: किती सेकंद प्रकाश दिला, कुठला भाग हाताने झाकून फिका ठेवला. पुढच्या बाजूला धुराच्या पट्ट्यात जवळून पाहिले तर अगदी बारीक ब्रशने बुजवलेले दोन ठिपके दिसतात. निगेटिव्हवर धूळ बसली की प्रिंटवर पांढरा ठिपका येई आणि तो शाईच्या थेंबाने एकेक करून भरावा लागे. उटीच्या सरकारी कारखान्यातला ‘इंदू’ रोल, स्वयंपाकघरात रात्री केलेली डार्करूम, हायपोचा वास. एका प्रिंटमागे दोन-तीन रात्री जात आणि मग तो तीन अनोळखी माणसांसमोर पाच सेकंद उभा राही.

पाच सेकंदांत फोटोला न्याय मिळतो का, हा प्रश्न प्रत्येक नवा सभासद विचारतो. माझे उत्तर असे की पूर्ण न्याय मिळत नाही. हळू बोलणारा फोटो पहिल्या फेरीत मार खातो. डोळ्यात घुसणारे रंग, भंडारा उधळलेली जेजुरी, धुळीतून येणारी मेंढरे, सुरकुत्यांचा चेहरा आणि त्यावर खिडकीचा उजेड, हे फोटो पटकन गुण घेतात. म्हणून तेच पुन्हा पुन्हा काढले जातात. आता तर पैसे भरून अशा दृश्यांच्या सहली निघतात. धनगर ठरलेला, धूर ठरलेला, आणि दहा जण एकाच जागी उभे राहून एकच फोटो काढतात. मग दहाही फोटो एकाच सलोनला येतात. हे थांबले पाहिजे, आणि ते परीक्षकांच्या बोटांनीच थांबेल.

नियमांच्या बाबतीत मात्र सलोनवाल्यांनी जगाला शिकवावे असे काम केले आहे. ‘नेचर’ विभागाची व्याख्या फियाप, ब्रिटनची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी आणि अमेरिकेची फोटोग्राफिक सोसायटी यांनी 2014 साली मिळून एकच केली. चित्रात काही घालायचे नाही, काही काढायचे नाही, कातरणे तेवढे चालेल. पाळीव जनावर चालणार नाही, माणसाची खूण शक्य तो नको. अशा कडक नियमांची गरज का, हे लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाच्या 2009 च्या वन्यजीव स्पर्धेत दिसले. फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले होते. तो लांडगा रानातला नसून पाळलेला, शिकवलेला असावा असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि 2010 च्या जानेवारीत बक्षीस परत घेतले. 2023 साली एका जर्मन कलाकाराने सोनीच्या जागतिक स्पर्धेत विभागाचे बक्षीस जिंकले आणि चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने केले आहे असे सांगून ते नाकारले. तेव्हापासून संयोजकांचे काम वाढले आहे. मूळ फाइल मागवा, ती उघडून पाहा, शंका असेल तर फोन करा. हे सगळे बिनपगारी कार्यकर्ते करतात.

पण क्लब म्हणजे फक्त सलोन नव्हे. महिन्याची बैठक हा त्याचा खरा श्वास. मी पहिल्यांदा बैठकीला गेलो तेव्हा दिवे घाटातल्या वारीचा फोटो घेऊन गेलो होतो. वळणावळणाने चढणारी माणसांची नदी, सगळ्यांनाच हवासा वाटणारा तो फोटो. एका ज्येष्ठांनी पिशवीतून काळ्या पुठ्ठ्याचे दोन इंग्रजी एल काढले, माझ्या प्रिंटवर चौकटीसारखे ठेवले आणि ते हळूहळू आत सरकवू लागले. घाट गेला, आकाश गेले, दिंडीही गेली. उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट थांबली. तिथे एक बाई कठड्याला टेकून पायातला काटा काढत होती, डोक्यावरचे तुळशी वृंदावन एका हाताने सावरून. ती माझ्या फोटोत आहे हे मला माहीतच नव्हते. ते म्हणाले, “हा तुमचा फोटो. पुढच्या वर्षी हिच्याजवळ जाऊन काढा.” एवढेच बोलून त्यांनी एल पिशवीत ठेवले. पुढच्या वारीत मी जवळ गेलो. मोबाइलवर अंगठे उमटवणारी हजार माणसे हे सांगू शकत नाहीत, कारण त्यांना माझा फोटो आवडला किंवा नाही याच्यापुढे थांबायला सवड नसते.

आणि मग वर्षातून एकदा प्रदर्शन. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन मिळावे म्हणून सगळ्यांची धडपड असते, मुंबईत जहांगीरचे. जहांगीरची तारीख मिळायला इतका काळ वाट पाहावी लागते की काही जण नाद सोडतात. आदल्या रात्रीचे काम मला सगळ्यांत आवडते. सनबोर्डवर चिकटवलेले प्रिंट भिंतीशी उलटे टेकवून ठेवलेले, कोणी दोरीची उंची मापतो, कोणी लांब उभा राहून “डावीकडून जरा वर” म्हणतो. सगळ्या फोटोंचे मध्य साधारण डोळ्यांच्या उंचीवर यावे लागतात, नाहीतर पाहणारा नकळत दमतो. कोणाचा फोटो कोणाशेजारी लावायचा यावरून हमखास वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. काळ्या-पांढऱ्या शांत फोटोशेजारी लालभडक फोटो लावला तर दोघेही मरतात. पडद्यावर पाच सेकंद दिसलेला फोटो इथे आठवडाभर राहतो. त्याच्यासमोर पंधरा मिनिटे उभा राहणारा माणूस मी पाहिला आहे. रंगमंदिरात नाटकाला आलेला, तिकीट हातात, आणि घंटा झाली तरी हलेना.

19 ऑगस्टला जागतिक छायाचित्र दिन असतो. 1839 साली त्या तारखेला पॅरिसमध्ये दागेरने शोधलेले फोटो काढण्याचे तंत्र जगाला खुले करण्यात आले. त्या आठवड्यात बहुतेक शहरांतले क्लब प्रदर्शन लावतात. प्रवेशाला सहसा पैसे नसतात. जरूर जा, आणि फोटो काढणारा बहुधा तिथेच टेबलाजवळ अभिप्रायाची वही घेऊन उभा असेल, त्याच्याशी बोला. वहीत नुसते ‘सुंदर’ लिहू नका. कोणता फोटो आवडला आणि त्यातले काय आवडले, ते लिहा.