डोक्यावरून ७६५ केव्ही, घरात अंधार

देवळीच्या आसपास कुठेही उभे राहा, मनोऱ्यांची एखादी तरी रांग नजरेला पडतेच. पॉवरग्रिडचे वर्ध्याचे ७६५ केव्ही उपकेंद्र इथलेच. पूर्वेला रायपूर, उत्तरेला सिवनी, पश्चिमेला औरंगाबाद आणि दक्षिणेला निजामाबादमार्गे हैदराबाद, अशा चारी दिशांना इथून ७६५ केव्हीच्या वाहिन्या जातात. रेल्वेच्या नकाशात वर्धा हे जंक्शन आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. विजेच्या नकाशातही ते तेवढेच मोठे जंक्शन आहे, ही गोष्ट मात्र जिल्ह्याबाहेर सोडाच, जिल्ह्यातही फारशी कोणी बोलत नाही. त्यामुळे एका बाजूला डोक्यावरून वाहणारी प्रचंड वीज आणि दुसऱ्या बाजूला वादळात रात्रभर अंधारात बसलेले गाव, ही विसंगती पाहून लोक आपापले निष्कर्ष काढतात. त्यातले काही बरोबर असतात, पुष्कळसे नसतात.

‘लाईट गेली, ग्रिड बसलं वाटते’

गावातली लाईट जाते ती दहापैकी नऊ वेळा तरी ग्रिडमुळे नव्हे. बाभळीची फांदी ११ केव्हीच्या तारेवर टेकली, डीपी जळाली, जंपर तुटला, फिडर ट्रिप झाला, ही सारी वितरणाची दुखणी. त्या वेळी देवळीच्या उपकेंद्रात सगळे नेहमीसारखे चालू असते. ७६५ केव्हीवरून ४००, मग २२०, १३२, ३३, ११ आणि शेवटी घरातले २३० व्होल्ट, एवढ्या पायऱ्या उतरून वीज आपल्याकडे पोचते. बिघाड बहुतेक वेळा शेवटच्या दोन पायऱ्यांवर होतो, कारण सर्वांत जुन्या तारा आणि सर्वांत कमी माणसे तिथेच असतात. वायरमन एक आणि गावे अनेक, हे काही गुपित नाही.

‘तार आमच्या वावरातून आणि वीज हैदराबादला’ ही तक्रारही कानावर येते. ७६५ केव्हीच्या वाहिनीवरून थेट एखाद्या गावाला वीज काढून देणे शक्य नसते. त्यासाठी मधल्या सगळ्या पायऱ्या बांधाव्या लागतात. मनोऱ्याखाली गेलेल्या जमिनीचा मोबदला नीट मिळाला का, हा प्रश्न वेगळा आहे आणि रास्त आहे. तांत्रिक उत्तर देऊन तो मिटत नाही.

खरे ग्रिड कोसळले होते ३० आणि ३१ जुलै २०१२ ला. बिना–ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या जोडवाहिनीतली एक तार कामासाठी बंद होती. उत्तरेकडची राज्ये ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती आणि सगळा भार उरलेल्या तारेवर आला. ती सुटली. पहिल्या दिवशी उत्तरेचे ग्रिड गेले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही गेली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या भागावर अंधार पसरला. त्या दोन्ही दिवशी विदर्भात दिवे होते. पश्चिमेकडे उलटीच पंचाईत झाली होती: घेणारा अचानक नाहीसा झाल्याने वीज जास्त झाली आणि फ्रिक्वेन्सी ५१ हर्ट्झच्या वर उसळली. हेही लक्षात ठेवावे की तेव्हा देशातली सारी सौर क्षमता हजार मेगावॅटच्या आसपास होती. देशाने पाहिलेला सर्वांत मोठा अंधार सूर्यामुळे आलेला नव्हता.

‘तारांमध्ये वीज भरलेली असते’

नसते. ज्या क्षणी हिंगणघाटच्या सूतगिरणीतली मोटर फिरते, त्याच क्षणी कुठेतरी तेवढी वीज तयार व्हावी लागते. हा हिशेब जुळतो की नाही ते सांगणारा आकडा म्हणजे फ्रिक्वेन्सी. ती ५० हर्ट्झच्या जवळ असायला हवी. नियमाने ठरवलेला पट्टा ४९.९० ते ५०.०५ एवढा अरुंद आहे. मागणी वाढली की आकडा घसरतो, वीज जास्त झाली की चढतो. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे ग्रिडही बाकी देशाशी जुळले, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी हा आकडा एकच आहे. त्याआधी पश्चिमेची दक्षिणेशी देवाणघेवाण व्हायची ती भद्रावतीच्या एचव्हीडीसी केंद्रातून. एका बाजूची वीज डीसी करून दुसऱ्या बाजूला पुन्हा एसी करायची, म्हणजे दोन ग्रिडांचे ठोके वेगळे असले तरी चालते. ते केंद्र आजही कामात आहे.

हा आकडा सांभाळतो कोण? पहिले काही सेकंद कोणीच नाही, नुसते वजन. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातले टर्बाइन आणि जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेत असते. पट्टा काढल्यावरही पिठाच्या गिरणीचे जाते काही वेळ फिरत राहते, तसेच हे शेकडो टनांचे फिरते लोखंड अचानक आलेला धक्का आपल्या वेगातून भरून काढते. तेवढ्या उसंतीत टर्बाइनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर वाफेचा झोत वाढवतो. त्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भार प्रेषण केंद्रातून दर काही सेकंदांनी ‘थोडी वाढवा, थोडी कमी करा’ असे संकेत थेट संचांना जातात. ही स्वयंचलित पद्धत देशात सुरुवातीला ज्या पाच केंद्रांवर आजमावली गेली, त्यातले पश्चिम विभागाचे केंद्र आपल्या शेजारचेच, नागपूर जिल्ह्यातले मौद्याचे. राज्याचा हिशेब कळव्याहून आणि विदर्भापुरता नागपूरच्या अंबाझरीहून पाहिला जातो.

या सगळ्याची जाहीर परीक्षा झाली ५ एप्रिल २०२० ला. पंतप्रधानांनी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे मालवायला सांगितले होते. राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी एकदम सगळे दिवे बंद केले तर ग्रिड कोसळेल असा इशारा दिला, आणि त्यावरून बरेच राजकारण रंगले. भीती निराधार नव्हती. मागणी १२–१४ हजार मेगावॅटने घटेल असा अंदाज होता, ती घटली ३१ हजारांनी. तरीही फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या दरम्यानच राहिली, कारण जलविद्युत केंद्रे आधीच पूर्ण ताकदीने चालवून ठेवली होती आणि नऊच्या ठोक्याला ती झपाट्याने खाली आणली, नंतर तशीच वर नेली. कोळशाला हे जमत नाही, पाण्याला काही मिनिटांत जमते. मंत्र्यांचा इशाराही बरोबर होता आणि ग्रिड टिकले हेही खरे; तयारी होती म्हणून टिकले.

‘सोलर वाढलं की ग्रिड पडणार, स्पेनमध्ये पाहिलं ना!’

२८ एप्रिल २०२५ च्या दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. तेव्हा तिथे सौरऊर्जेचा वाटा मोठा होता, म्हणून दुसऱ्या दिवशीच निकाल लागला: सोलरने घात केला. तपासात निघाले ते याहून गुंतागुंतीचे. घात केला तो व्होल्टेजने. व्होल्टेज चढत गेले, चढलेल्या व्होल्टेजमुळे केंद्रे सुटत गेली आणि प्रत्येक सुटणाऱ्या केंद्रागणिक ते आणखी चढले. ज्या पारंपरिक केंद्रांवर व्होल्टेज आवरण्याची जबाबदारी होती त्यांनी ती पुरेशी पार पाडली नाही. सौर केंद्रांना तर तिथल्या नियमांनी ते काम सांगितलेलेच नव्हते. जे यंत्र करू शकते ते त्याला करू दिले नाही, असा तो प्रकार.

२०१६ च्या सप्टेंबरात दक्षिण ऑस्ट्रेलियातही असेच झाले होते. वादळाने मनोरे पाडले, आणि व्होल्टेज लागोपाठ खाली गेल्यावर पवनचक्क्या आपल्या आतल्या सेटिंगप्रमाणे बंद पडल्या. सेटिंग बदलले, पुढच्या वर्षी हॉर्न्सडेल इथे १०० मेगावॅटची बॅटरी उभी केली. त्या राज्यात नवीकरणीय वीज त्यानंतर वाढलीच.

तरी ‘सोलरमुळे काहीच अडचण नाही’ असे म्हणणाऱ्यांवरही विश्वास ठेवू नये. सौर पॅनेलमध्ये फिरते लोखंड नाही, म्हणून पहिल्या काही सेकंदांची ती उसंत कमी होते. संध्याकाळी सूर्य उतरतो त्याच वेळी विदर्भातल्या घराघरांत कूलर चालू असतात आणि दिवेही लागतात, त्यामुळे दोन तासांत बाकीच्या केंद्रांना हजारो मेगावॅट चढून यावे लागते. ती खडी चढण नवी आहे आणि खरी आहे. तिला उत्तरे आहेत, पण प्रत्येकाला पैसे लागतात. व्होल्टेज पडले तरी न सुटता टिकून राहण्याची अट आता सौर आणि पवन केंद्रांवर आहे. औष्णिक संचांनी दुपारी क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत खाली उतरावे, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे नियम सांगतात. जुन्या संचांची त्यात झीज होते आणि केंद्रांतले अभियंते त्यावर नाखूश असतात, ते उगीच नव्हे. महाराष्ट्रात घाटघरला पाणी रात्री वर चढवून गरजेला खाली सोडणारा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे. बॅटरीचे जवळचे उदाहरण हवे तर नागपूरच्या पूर्वेला राजनांदगावला जा: तिथे १०० मेगावॅट सौर केंद्राला ४० मेगावॅटची, तीन तास पुरणारी बॅटरी जोडलेली आहे. दुपारचे ऊन संध्याकाळी वापरायचे, एवढेच तिचे काम.

‘निम्मी वीज आता हरित झाली’

क्षमता निम्मी झाली, वीज नव्हे. जून २०२५ मध्ये देशाच्या स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर पोचला, पण प्रत्यक्ष युनिटांपैकी ७० टक्क्यांहून जास्त अजून कोळशाचीच आहेत. रात्र असते, ढग असतात. १०० मेगावॅटचे सौर केंद्र वर्षभराच्या सरासरीत २०–२५ मेगावॅट देते. बातमीत ‘मेगावॅट’ दिसले की ‘युनिट किती?’ असे विचारायची सवय लावून घ्यावी.

‘शेतीला दिवसा वीज म्हणजे सरकारची मेहेरबानी’

हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री दोनला वावरात जायचे, हातात बॅटरी, खाली साप-विंचू, आणि सेलू तालुक्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला असाल तर वाघाचीही धास्ती. आठवड्यातून काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची, हे चक्र इथल्या दोन पिढ्यांनी भोगले. रात्रीच का? रात्री कारखाने-दुकाने थंडावतात, कोळशाचे संच मात्र बंद करता येत नाहीत. ती उरलेली वीज खपवायला पंपांइतके सोयीचे गिऱ्हाईक दुसरे नव्हते. थोडक्यात, शेतकरी आपल्या झोपेच्या किमतीवर ग्रिड सांभाळत होता आणि त्याचे श्रेय त्याला कोणी दिले नाही.

आता गणित फिरले आहे. उरलेली वीज दुपारची आहे. पंप दुपारी चालले तर सौर वीज तिथल्या तिथे खपते, संध्याकाळची चढण तेवढी सौम्य होते आणि औष्णिक संचांना रात्री थोडी उसंत मिळते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात राज्यभरात १६ हजार मेगावॅटची छोटी सौर केंद्रे ३३ केव्ही उपकेंद्रांच्या जवळ उभारायची आहेत, ती याच हिशेबाने. दिवसा वीज ही शेतकऱ्याची मागणी तर आहेच. आज ती ग्रिडचीही गरज आहे. ज्याची गरज असते त्याच्याशी बोलताना उपकाराची भाषा वापरत नाहीत.

योजनेत एक मेख आहे. पावसाळ्यात किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत पंप बंद असतात आणि ऊन मात्र पडते, तेव्हा ही वीज उपकेंद्रातून उलट्या दिशेने वर जाते. ज्या ट्रान्सफॉर्मरने आजवर एकाच दिशेची वाहतूक पाहिली, त्याचे संरक्षण आणि व्होल्टेजचे नियंत्रण त्यासाठी नव्याने बसवावे लागते. केंद्राचे उद्घाटन होते तसे याचे होत नाही, म्हणून गावकऱ्यांनीच विचारावे.

‘घरावर सोलर बसवलं, आता ग्रिड कशाला?’

पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान मिळू लागल्यापासून वर्ध्यातही छतांवर पॅनेल दिसू लागली, आणि पहिल्याच उन्हाळ्यात तक्रार आली: भर दुपारी लाईट गेली तर घरातली वीजही बंद! विक्रेत्याने फसवले असे लोकांना वाटते. यंत्र बरोबर वागते आहे. बाहेरची वीज गेली की साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो; नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज मारील.

आणि स्वयंपूर्ण गावाचा दाखला देताना सेवाग्रामचे नाव घेणाऱ्यांनी हेही पाहावे, की गांधीजींचा विजेला विरोध नव्हता. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे प्रयोग चालू होते त्याच काळात, १९३५ मध्ये, त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिले की खेड्यातल्या घराघरांत वीज असेल तर गावकऱ्यांनी अवजारे विजेवर चालवायला आपली हरकत नाही. अट एवढीच की वीजघर गावाच्या किंवा शासनाच्या मालकीचे असावे. प्रश्न त्यांनी मालकीचा केला होता, तारेचा नव्हे. एकट्या गावाला पावसाळ्यातल्या सलग ढगाळ आठवड्यासाठी बॅटऱ्या ठेवायच्या तर त्याचा खर्च पॅनेलपेक्षा कितीतरी जास्त होतो. ग्रिडला जोडलेल्या गावाला त्याच आठवड्यात कोयनेचे पाणी किंवा दुसऱ्या राज्यातला वारा चालतो.

नेट मीटर लावलेल्या घराचेही तेच. दुपारी तुम्ही दिलेली युनिटे कुठेही साठत नाहीत. ती शेजारी वापरतो आणि रात्री तुम्हाला चंद्रपूरचा कोळसा वीज देतो. लाईट गेल्यावरही दोन पंखे आणि फ्रिज चालू ठेवायचा असेल तर कोटेशनमध्ये ‘हायब्रिड इन्व्हर्टर’ आणि बॅटरीची क्षमता लिहून घ्या, ती किती तास पुरेल ते विचारा, आणि सवलतीच्या आकड्यात बॅटरीचा खर्च धरला आहे का तेही पाहा. अनुदान पॅनेलला आहे, बॅटरीला नाही.