कार शेअरिंग सेवा : वाटचाल, मर्यादा आणि भवितव्य

प्रस्तावना :

विसाव्या शतकात मालकीची मोटार हे प्रतिष्ठेचे प्रतीक मानले गेले. दारात मोटार असणे हे मध्यमवर्गीय कुटुंबाच्या स्थैर्याचे लक्षण ठरले. मात्र दारातील ही मोटार बहुतांश वेळ उभीच असते. दिवसाच्या २४ तासांपैकी ती जेमतेम एक-दोन तास धावते. उरलेला वेळ शहरातील मौल्यवान जागा अडवून ठेवते. या विसंगतीतून ‘कार शेअरिंग’ म्हणजे सामायिक मोटारवापराची कल्पना पुढे आली. ही सेवा कोठे व का वाढली, कोठे व का खुंटली आणि महाराष्ट्रात तिला भवितव्य आहे काय, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

संकल्पना आणि तिचे अर्थशास्त्र :

कार शेअरिंगमध्ये एका संस्थेच्या मोटारी अनेक सभासद आळीपाळीने व स्वतः चालवून वापरतात. शुल्क प्रामुख्याने वेळ व अंतर यांवर आकारले जाते. टॅक्सीत चालक दुसरा असतो, तर कार पूलिंगमध्ये एकाच दिशेने जाणारे प्रवासी एका मोटारीत बसतात. कार शेअरिंग या दोहोंहून भिन्न आहे. तिचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात : जेथून मोटार घेतली तेथेच परत करणे, ती शहरात अन्यत्र सोडण्याची मुभा असणे, आणि खासगी मालकांनी मंचामार्फत आपली मोटार इतरांना देणे.

मालकाला कर्जाचे व्याज, विमा व घसारा यांचा भार मोटार वापरली न वापरली तरी सोसावा लागतो. त्यामुळे प्रत्येक नव्या फेरीचा खर्च म्हणजे केवळ इंधन, असे त्याला वाटते आणि जवळच्या कामालाही तो मोटार काढतो. सामायिक मोटारीच्या सभासदाला मात्र प्रत्येक फेरीचा पूर्ण खर्च दिसतो. म्हणून तो पायी, बसने वा रेल्वेने जाणे शक्य असेल तेथे मोटार टाळतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील इलियट मार्टिन व सुसान शाहीन यांनी उत्तर अमेरिकेतील अभ्यासातून २०१० मध्ये असे मांडले की, विकून टाकलेल्या व खरेदी टाळलेल्या मोटारी एकत्र धरल्यास एक सामायिक मोटार ९ ते १३ खासगी मोटारींची जागा घेते.

ऐतिहासिक वाटचाल :

या कल्पनेचा पहिला ज्ञात प्रयोग १९४८ मध्ये झुरिच येथे ‘सेफागे’ या सहकारी संस्थेने केला. मोटार विकत घेणे न परवडणाऱ्यांची ती सोय होती. १९७४ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे ‘विटकार’ ही विजेवरील छोट्या वाहनांची योजना सुरू झाली; परंतु ती फार विस्तारू शकली नाही. १९८८ मध्ये बर्लिन येथे ‘श्टाटआउटो’ सुरू झाली. अमेरिकेत रॉबिन चेस व आंट्जे डॅनियलसन यांनी २००० मध्ये ‘झिपकार’ची स्थापना केली; ही कंपनी २०१३ मध्ये ‘एव्हिस’ समूहाने विकत घेतली.

दोन प्रयोगांची तुलना :

स्वित्झर्लंडमध्ये १९८७ साली दोन स्वतंत्र सहकारी संस्था स्थापन झाल्या. १९९७ मध्ये त्यांचे विलीनीकरण होऊन ‘मोबिलिटी’ ही संस्था उदयास आली. आज तिच्याकडे सुमारे ३००० मोटारी असून त्या देशभर विखुरलेल्या आहेत. अनेक रेल्वे स्थानकांवर तिच्या मोटारी उपलब्ध असतात. रेल्वेने लांबचा पल्ला गाठावा आणि शेवटचे अंतर मोटारीने कापावे, अशी ही जोडणी आहे.

पॅरिस येथे डिसेंबर २०११ मध्ये ‘ऑटोलिब’ ही सेवा मोठ्या गाजावाजाने सुरू झाली. बोलोरे समूहाच्या सुमारे ४००० विद्युत मोटारी एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडता येत असत. करार २०२३ पर्यंतचा होता. परंतु अपेक्षित तूट सुमारे २९ कोटी युरोंवर जाण्याचा अंदाज पुढे आला, ती कोणी सोसावी यावर वाद झाला आणि ३१ जुलै २०१८ रोजी सेवा बंद पडली.

मोटारी व तंत्रज्ञान यांत पॅरिसचा प्रयोग उणा नव्हता. फरक होता तो वाढीच्या रीतीत व जोखमीच्या वाटणीत. स्विस संस्था मागणीनुसार सावकाश वाढली आणि तिचे सभासद हेच तिचे मालक होते. पॅरिसमध्ये मोठे जाळे अल्पावधीत उभारले गेले. शिवाय मोटार कोठेही सोडण्याची मुभा ग्राहकाला सोयीची असली तरी एकीकडे मोटारींची गर्दी, दुसरीकडे टंचाई अशी स्थिती तीतून उद्भवते आणि मोटारी हलविण्याचा खर्च वाढतो.

भारतातील स्थिती :

भारतात ‘झूमकार’ने २०१३ मध्ये बंगळूर येथे स्वतः चालविण्याच्या मोटारी भाड्याने देण्यास प्रारंभ केला. पुढे तिने स्वतःच्या मोटारींऐवजी इतर मालकांच्या मोटारींवर आधारित पद्धती स्वीकारली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती अमेरिकेतील ‘नॅसडॅक’ या शेअर बाजारात नोंदविली गेली. तथापि ही सेवा प्रामुख्याने सहलीसाठी भाड्याची मोटार या स्वरूपाची आहे. गोव्यात पर्यटकांना परिचित असलेली, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असणारी मोटारही याच वर्गातील होय.

येथे कायद्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ७५ अन्वये १९८९ मध्ये ‘रेंट-अ-कॅब’ योजना लागू झाली. तीत परवान्यासाठी किमान ५० मोटारींची अट घालण्यात आली. स्वित्झर्लंडमधील चळवळ मात्र मोजकी माणसे व हाताच्या बोटांवर मोजता येणाऱ्या मोटारी यांतून उभी राहिली. पन्नासाची अट मोठ्या भांडवलदाराला पेलते. शेजाऱ्यांच्या गटाला नाही.

महाराष्ट्रातील शक्यता :

महाराष्ट्रात या सेवेची स्पर्धा केवळ खासगी मोटारीशी नाही, तर दुचाकी व रिक्षा यांच्याशीही आहे. दैनंदिन प्रवासाऐवजी रुग्णालय, लग्नकार्य, गावची भेट अशा प्रासंगिक गरजांसाठीच तिचा उपयोग अधिक संभवतो. मात्र गणेशोत्सवात सर्वांनाच कोकणात जायचे असते. सर्वांची गरज एकाच दिवशी उद्भवली तर सामायिक मोटार कोणालाच पुरत नाही. म्हणून निरनिराळ्या व्यवसायांतील व निरनिराळ्या गावांची कुटुंबे एकत्र येणे हिताचे ठरेल.

अनुकूल बाबीही आहेत. महाराष्ट्राला सहकाराची दीर्घ परंपरा असून सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या रूपाने तिचे जाळे शहरांत पसरलेले आहे. वाहनतळाची जागा आणि परस्परांची ओळख या दोन्ही गोष्टी तेथे आहेत. मुंबईची उपनगरी रेल्वे, नागपूर व पुणे येथील मेट्रो यांमुळे रोजच्या प्रवासाची सोय काही प्रमाणात झाली आहे. मात्र रस्त्यावर मोटार फुकट उभी करता येते तोवर मालकी स्वस्तच वाटत राहणार.

समारोप :

कार शेअरिंग ही सार्वजनिक वाहतुकीला पर्याय नसून तिची पूरक सेवा आहे. जेथे रेल्वे व बस भरवशाची असते, वाहनतळाचे मूल्य आकारले जाते आणि लहान गटांना कायद्याने वाव मिळतो, तेथेच ती रुजते. मोबाइलवरील ॲप मोटार उघडून देऊ शकते. या तीन अटी पूर्ण करू शकत नाही. म्हणून महाराष्ट्रात या सेवेचे भवितव्य नव्या ॲपपेक्षा महापालिकांच्या वाहनतळ धोरणावर आणि गृहनिर्माण संस्थांना अशी सेवा चालविण्याची कायदेशीर मुभा मिळण्यावर अधिक अवलंबून राहील.