शके १२१२ : एका वर्षाचा आडवा इतिहास

इतिहासाचे पाठ्यपुस्तक बहुधा एका राजामागून दुसरा राजा, एका घराण्यामागून दुसरे घराणे अशा क्रमाने चालते. हा क्रम आवश्यकच आहे. परंतु त्यामुळे मुलांच्या मनात एक चुकीची समजूत मूळ धरते. देवगिरीचा धडा निराळा, दिल्लीचा निराळा आणि युरोपाचा तर वरच्या इयत्तेतला. तेव्हा हे सारे निरनिराळ्या काळी घडले असावे, असे त्यांना वाटते. ज्ञानेश्वर आणि अल्लाउद्दीन खलजी हे समकालीन होते, हे ऐकून पुष्कळ विद्यार्थी चकित होतात.

चिखल्यासारख्या खाणीच्या गावात ही समजूत दूर करणे फारसे कठीण नाही. मँगनीजचा थर एका जागी सापडला तरी तो तेवढ्यापुरताच नसतो, जमिनीखालून तो दूरवर गेलेला असतो, हे तेथील मुलांच्या कानांवर लहानपणापासून असते. काळाचाही असाच एखादा थर निवडावा आणि तो कोठकोठवर पसरला आहे, हे वर्गाला दाखवावे. त्यासाठी शके १२१२ हे वर्ष फार सोयीचे आहे.

प्रथम गणित. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले असता इसवी सन येतो. मात्र इसवी वर्ष पौष महिन्याच्या सुमारास पालटत असल्यामुळे शकाच्या अखेरच्या महिन्यांसाठी ७९ मिळवावे लागतात. शके १२१२ म्हणजे मुख्यत्वे इ. स. १२९०. हे उदाहरण फळ्यावर मुलांकडूनच सोडवून घ्यावे.

याच वर्षी प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ग्रंथाच्या शेवटी शकाचा आकडा दिलेला आहे, लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नाव आहे आणि राज्य करणाऱ्या यादव राजा रामचंद्राचाही उल्लेख आहे. एवढ्या स्पष्टपणे आपला काळ व स्थळ सांगणारे जुने ग्रंथ थोडेच. परंपरेने मानलेला जन्मशक ११९७ धरल्यास ग्रंथकर्त्याचे वय तेव्हा अवघे १५ वर्षांचे होते. दुसऱ्या परंपरेप्रमाणे जन्मशक ११९३ धरला तर १९ येते. संस्कृत गीतेचा अर्थ सुमारे नऊ हजार ओव्यांत लोकांच्या भाषेत उतरला, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

त्याच १२९० साली दिल्लीत गुलाम घराण्याची सत्ता संपून वयोवृद्ध जलालुद्दीन खलजी तख्तावर आला. नेवाशात वा देवगिरीत या बातमीचे कोणास महत्त्व वाटले असेल? परंतु या जलालुद्दीनाचाच पुतण्या अल्लाउद्दीन १२९६ मध्ये देवगिरीवर चालून आला आणि रामचंद्राकडून अपार संपत्ती घेऊन परतला. आळंदीस ज्ञानदेवांनी समाधी घेतली ती याच १२९६ साली. या दोन घटना दोन धड्यांत विभागल्या गेल्या म्हणजे मुलांच्या हाती नुसत्या सनावळ्या उरतात.

आता दूर जावे. इटलीतील फ्लॉरेन्स नगरात १२९० च्या जून महिन्यात बिआत्रिचे नावाची तरुणी मृत्यू पावली. तिच्या आठवणीतून २५ वर्षांच्या दांतेने पुढे जो ग्रंथ रचला, तो पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता लोकांच्या बोलीत लिहिला. पोर्तुगालचा राजा दिनीश हाही लोकभाषेत काव्ये करणारा. त्याने याच वर्षी लिस्बन येथे विद्यापीठ स्थापिले. पुढे ते कोइंब्रा येथे गेले आणि अद्याप तेथेच आहे. मात्र येथे एक सावधगिरी हवी. नेवासे आणि फ्लॉरेन्स यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. समकालीनता म्हणजे अनुकरण नव्हे, हे न सांगितल्यास एक गैरसमज काढून दुसरा रुजविल्यासारखे होईल.

इंग्लंडमध्ये राजा पहिला एडवर्ड याने त्या वर्षी आज्ञा काढून सर्व यहुदी प्रजेस देशाबाहेर घालविले. सुमारे साडेतीनशे वर्षे त्यांना तेथे उघडपणे राहता आले नाही. चीनमध्ये कुब्लाईखानाचे राज्य होते व मार्को पोलो तेथेच होता. सप्टेंबरात त्या देशाच्या उत्तर भागात मोठा प्राणघातक भूकंप झाला.

वर्गात भिंतीवर जगाचा नकाशा लावून नेवासे, दिल्ली, फ्लॉरेन्स, लिस्बन, लंडन व पेकिंग या जागी कागदाच्या चकत्या चिकटवाव्या आणि सर्वांवर एकच आकडा लिहावा. दिवस घालून बसू नये. जुनी युरोपीय दिनगणना आजच्याहून भिन्न असल्याने त्यात मुले घोटाळतात.

एक चकती जवळपासची असावी. चिखल्याच्या पश्चिमेस, नागपूर जिल्ह्यातील रामटेकच्या टेकडीवर लक्ष्मणाच्या देवळात याच रामचंद्र यादवाच्या काळातील शिलालेख आहे. शाळेची सहल रामटेकास गेल्यास तो मुलांना अवश्य दाखवावा. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्याचे नाव आहे तोच हा राजा, एवढे तेथे सांगावे. मात्र रामटेकच्या चकतीवर १२९० न लिहिता त्याच्या कारकिर्दीची वर्षे, म्हणजे इ. स. १२७१ ते १३११, लिहावी.