विनोद, विश्रांती आणि ओवी

रिकामा वेळ बुद्धीला चालना देण्यात घालवावा की विश्रांतीत, हा प्रश्न सामान्यतः आरोग्याचा किंवा शिक्षणाचा मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तो परका वाटण्याचे कारण नाही. काव्य, नाट्य, कथा यांचा आस्वाद बहुतांशी रिकाम्या वेळातच घेतला जातो. त्यामुळे साहित्याच्या प्रयोजनाची चर्चा करणारा प्रत्येक शास्त्रकार रिकाम्या वेळाच्या प्रयोजनाविषयीही काही ना काही बोलत असतो. भारतीय परंपरेतील ही उत्तरे शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे चालना आणि विश्रांती यांतील विरोध ह्या परंपरेला फारसा मान्य नव्हता, असे दिसते. ही विश्रांती कोणाच्या वाट्याला येते, हे मात्र तिने क्वचितच विचारले.

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘विनोद’ ह्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ दूर सारणे असा आहे. जे शीण, खेद, कंटाळा दूर सारते, तो विनोद. हिंदीतील ‘मनोविनोद’, बंगालीतील ‘विनोदन’, तेलुगू व मल्याळम भाषांतील ‘विनोदम्’ ह्या शब्दांत हा व्यापक अर्थ आजही टिकून आहे. मराठीत तो आकुंचित होऊन हास्यापुरता उरला आणि त्याची जागा ‘करमणूक’ व ‘विरंगुळा’ ह्यांनी घेतली. ह्यांपैकी ‘करमणे’ हे क्रियापद विशेष सूचक आहे. ते बहुधा नकारातच वापरले जाते. सासरी आलेल्या मुलीला करमत नाही, शहरात आलेल्या वृद्धाला करमत नाही. मन एखाद्या ठिकाणी वा एखाद्या गोष्टीत ठरणे, एवढाच त्याचा आशय. त्यात चालनाही नाही आणि झोपही नाही. मनाला ठाव सापडणे आहे. शास्त्रकारांनी ‘विश्रांती’ ह्या संज्ञेने जे सांगितले, त्याच्या हे फार जवळ जाते.

भरताच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात नाट्योत्पत्तीची कथा येते. देव ब्रह्मदेवाकडे जे मागतात, ते एक खेळणे असते. पाहता येईल आणि ऐकताही येईल असे. त्याच अध्यायात पुढे नाट्याची फले सांगताना ते दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडित झालेल्यांना विश्रांती देईल, असे म्हटले आहे. आणि लगोलग ते बुद्धीची वाढ करील, उपदेश करील, असेही म्हटले आहे. विश्रांती, विनोद आणि बुद्धिवर्धन ही तिन्ही फले एकाच नाट्यप्रयोगाच्या नावे मांडताना ग्रंथकाराला कोणतीही विसंगती जाणवत नाही. श्रमार्तांचा येथे झालेला उल्लेख ध्यानात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढील रसचर्चेत तो मागे पडत गेला.

दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळी काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताने ‘विश्रांती’ ह्या संज्ञेला तत्त्वज्ञानाची खोली दिली. त्याच्या मते रसानुभव म्हणजे संविदेची निर्विघ्न विश्रांती. चित्त एरवी एका विषयावरून दुसऱ्यावर धावत असते. रसास्वादात ही धाव थांबते. ती थांबते, पण चित्त निजत नाही. उलट ते पूर्ण जागे असते, आणि म्हणूनच करुण रसाचा आस्वादही विश्रांतीच ठरतो. ह्या विश्रांतीच्या आड येणारी सात विघ्ने ‘अभिनवभारती’त गणली आहेत. त्यांतील एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने ग्रासलेला असणे. असा प्रेक्षक दुसऱ्या विषयावर चित्त ठेवू शकत नाही. त्यावर उपाय म्हणून गीत, वाद्य, सजवलेला रंगमंडप इत्यादींची योजना सांगितली आहे. हा उपाय नीट पाहिला तर त्यामागचे गृहीत दिसते : प्रेक्षक मंडपापर्यंत आलेला आहे, त्याचे हात मोकळे आहेत आणि त्याला बसायला सवड आहे.

ह्या सवडीचे सर्वांत तपशीलवार चित्र वात्स्यायनाच्या कामसूत्रात, नागरकाच्या दिनचर्येत आढळते. भोजनोत्तर पोपट-मैनांना बोलायला शिकवणे, मग दुपारची निद्रा, तिसऱ्या प्रहरी वेशभूषा करून गोष्ठीला जाणे, असा त्याचा क्रम आहे. निद्रा आणि गोष्ठी ह्या एकाच दिवसाच्या दोन पायऱ्या आहेत. गोष्ठीत काव्यसमस्या व कलासमस्या चालतात. आणि तेथे फार संस्कृतातही बोलू नये, फार देशभाषेतही बोलू नये, असा सल्ला दिला आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकाला ही सूचना महत्त्वाची वाटावी. शास्त्रसभेत जी सरमिसळ चालली नसती, ती रिकाम्या वेळाच्या बैठकीत शिष्टसंमत झाली होती.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ह्या बाराव्या शतकातील ग्रंथात हेच चित्र राजाच्या संदर्भात येते. ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस प्रकरणे आहेत. तिसरा भाग उपभोगांचा, चौथा विनोदांचा आणि पाचवा क्रीडांचा. स्नान, तांबूल, अन्न, शय्या हे उपभोगांत मोडतात. शास्त्रचर्चा, गीत, वाद्य, नृत्य, कथा आणि मल्लांच्या कुस्त्या हे विनोदांत. बुद्धिबळाचा पूर्वज असलेला चतुरंग आणि प्रहेलिका म्हणजे कोडी, हे क्रीडांत. देहाला विसावा देणारे एकीकडे आणि मनाला चालना देणारे दुसरीकडे, अशी विभागणी येथे स्पष्ट दिसते. पण ती वेळेच्या वाटणीसाठी केलेली नाही. राजाला दोन्हींसाठी वेळ आहे, हे गृहीतच आहे.

ह्याच ग्रंथाच्या गीतविनोदात एक उल्लेख येतो, तो मराठीच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असे सोमेश्वर नोंदवतो. ओवीचा इतिहास सांगताना हा उल्लेख एक जुना पुरावा म्हणून दिला जातो आणि पुढे जाणे होते. येथे थोडे थांबले पाहिजे. राजाच्या विनोदांच्या यादीत समाविष्ट झालेले हे गीत गाणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने विनोदाच्या वेळचे नव्हतेच. तिच्या हातात मुसळ होते. एकाच गीताची एका बाजूस विनोद म्हणून आणि दुसऱ्या बाजूस कष्टाची सोबत म्हणून, अशी दुहेरी नोंद ह्या एका वाक्यात नकळत झाली आहे.

जात्यावरची ओवी ही ह्या दुसऱ्या बाजूची परिणत अवस्था होय. पहाटेच्या अंधारात जात्याचा खुंटा धरून एक किंवा समोरासमोर दोन स्त्रिया दळीत बसत. हात गुंतलेले, जागा ठरलेली, काम संपेपर्यंत उठणे नाही. मोकळे असे ते मन आणि गळा. विषय म्हणजे माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पंढरीचा विठ्ठल आणि पुन्हापुन्हा येणारी सीता. सीतेच्या वनवासाची ओवी गाणारी स्त्री सीतेविषयी बोलते, स्वतःविषयीही बोलते, आणि शेजारीण तीच ओवी उचलते तेव्हा ते दुःख कोणा एकीचे उरत नाही. अभिनवगुप्ताने ज्याला साधारणीकरण म्हटले, ते येथे मंडपाशिवाय, प्रेक्षकाशिवाय आणि सवडीशिवाय घडते. स्वतःच्या दुःखाने ग्रासलेले असणे हे त्याच्या मांडणीत विघ्न आहे. ओवीत ते आरंभस्थान आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावागावांतून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. इतकी मोठी सामग्री ‘श्रमगीते’ ह्या शीर्षकाखाली लोकसाहित्यात ठेवून रसविचार तिच्याविना करीत राहणे, हे आता समर्थनीय वाटत नाही.

आधुनिक काळात प्रश्नाचे रूप पालटले, कारण वेळच घड्याळाने विभागला गेला. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या चळवळीनंतर १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी कामगारांची रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला आधार दिला. त्याच १८९० साली हरि नारायण आपटे ह्यांनी पुण्यात ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. ह्या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. त्यांचे वाचक आणि कामगार हे निरनिराळे वर्ग होते. तरी रिकामा वेळ ही मागण्याची, मोजण्याची आणि भरण्याची वस्तू झाल्याची ही दोन चिन्हे एकाच वर्षात दिसावीत, हे लक्षणीय आहे. शिवाय ‘करमणूक’ हे नाव धारण करणाऱ्या ह्या पत्रातच ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः आली. यमूची ती कहाणी वाचून मनाला स्वस्थता लाभावी, असा तिचा हेतू नव्हता. विरंगुळ्यासाठी उघडलेल्या पानाने वाचकाला अस्वस्थ करून सोडावे, ही मराठी कादंबरीची नवी करमणूक होती.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि पहाटेचे जाते थांबले. ह्याबद्दल हळहळणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. गिरणीने त्या स्त्रीला तासा-दोन तासांची झोप दिली, आणि ती तिची कित्येक पिढ्यांची बाकी होती. त्याबरोबर ज्या वेळात ती ओवी रचीत असे, तो वेळही गेला, हेही तितकेच खरे. विश्रांती मिळाली, चित्ताच्या विश्रांतीची तिची स्वतःची रीत मात्र सुटली. तिच्या जागी तिच्या वाट्याला काय आले, ह्याचा शोध साहित्याच्या इतिहासात अद्याप पुरेसा घेतला गेलेला नाही. नाट्यशास्त्राने पहिल्या अध्यायात ज्या श्रमार्तांचे नाव घेतले, त्यांच्यापासून तो सुरू करता येईल.