सतरा टाचण्या आणि अठरावी

गुन्हेगारी मालिका पाहणारे वाचक एक प्रश्न हमखास विचारतात : घटनास्थळावर नजर फिरवून ‘खुनी तिशीतला, एकलकोंडा, आईवर रागावलेला’ असं तज्ज्ञ खरंच सांगू शकतात का? सांगतात, पण अशा मनोचित्रांचा पाया कच्चा असतो. वर्णन इतकं सैल असतं की ते गावातल्या शेकडो माणसांना लागू पडावं. शिवाय खुनी सापडला की जुळलेल्या गोष्टी लक्षात राहतात आणि चुकलेल्या विसरल्या जातात. खुन्याच्या मनाऐवजी त्याचं घर शोधणारं तंत्र मात्र गणितावर उभं आहे. त्याचा पाया घालणाऱ्यांत मोडणारे ब्रिटिश न्यायवैज्ञानिक स्टुअर्ट काइंड आज फारसे कुणाला माहीत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

१९७५ ते १९८० या काळात उत्तर इंग्लंडमध्ये ‘यॉर्कशायर रिपर’नं १३ स्त्रियांचा खून केला. जून १९७९मध्ये पोलिसांच्या हाती एक ध्वनिफीत आली. तिच्यातला माणूस स्वतःला खुनी म्हणवत होता. बोलीभाषांचे अभ्यासक स्टॅन्ली एलिस यांनी ते उच्चार संडरलंडजवळच्या कॅसलटाउनचे आहेत, हे अचूक ओळखलं. फीत खोटी असू शकते, असा इशाराही त्यांनी दिला. पोलिसांनी गावाचं नाव घेतलं आणि इशारा बाजूला ठेवला. त्यानंतर ज्याची बोली तशी नाही, तो संशयितांच्या यादीतून वगळला जाऊ लागला. ही फीत एका थापाड्यानं पाठवली होती, हे २००५मध्ये डीएनएवरून सिद्ध झालं.

काइंड या तपासाच्या सल्लागार पथकात आले ते १९८०च्या अखेरीस. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात नॅव्हिगेटर होते. तुटपुंज्या नोंदींवरून विमान नेमकं कुठे आहे हे काढायची त्यांना सवय होती. इथेही त्यांनी तेच केलं. नकाशावर खून आणि खुनाचे प्रयत्न अशा हल्ल्यांच्या १७ जागी टाचण्या टोचल्या आहेत, असं समजा. आता अठरावी टाचणी अशी टोचायची की तिच्यापासून प्रत्येक टाचणीपर्यंत दोरा बांधला, तर एकूण दोरा कमीत कमी लागावा. ही अठरावी टाचणी म्हणजे खुन्याचा तळ!

त्याला त्यांनी वेळेची जोड दिली, आणि मला सर्वांत भावतो तो हाच भाग. घरापासून लांब गेलेल्या माणसाला परतीची घाई असणार, म्हणून तिथले हल्ले रात्री लवकर होतील. उशिराचे हल्ले घराजवळचे असतील. दोन्ही हिशेब ब्रॅडफर्डवर येऊन ठेपले. मॅनिंगहॅम किंवा शिपली या भागात शोधा, असं त्यांनी सुचवलं.

२ जानेवारी १९८१ रोजी शेफील्डमध्ये गाडीला बनावट नंबरप्लेट लावल्यावरून पीटर सटक्लिफ पकडला गेला. त्याचं घर होतं ब्रॅडफर्डच्या हीटनमध्ये, म्हणजे मॅनिंगहॅम आणि शिपलीच्या मधोमध. पोलिसांनी याआधी त्याला ९ वेळा प्रश्न विचारून सोडून दिलं होतं. तो सापडला तो गस्तीवरच्या पोलिसांच्या चौकसपणामुळे. तरी काइंड यांचं उत्तर बरोबर होतं, आणि ते अटकेआधी कागदावर उतरलेलं होतं.

पुढे व्हँकुव्हर पोलिस दलातले किम रॉस्मो यांनी १९९५च्या आपल्या प्रबंधात या विचाराला सूत्रात बांधलं. गुन्हेगार लांब जायचा कंटाळा करतो, पण ओळखीच्या नजरा टाळण्यासाठी दाराशीही गुन्हा करत नाही. या दोन ओढींचा मेळ घालून संगणक नकाशावरच्या प्रत्येक चौकोनाला शक्यता देतो. आधी कुठली दारं ठोठावायची, एवढंच तो सांगतो. गुन्हे अनेक नसतील, ते एकाच माणसाचे नसतील किंवा तो परगावाहून येत असेल, तर नकाशा फसतो.

हीच पद्धत संशोधकांनी २०११मध्ये लंडनच्या १८५४च्या कॉलराच्या नोंदींवर चालवली, तेव्हा संशयित पाणवठ्यांत साथीचं खरं मूळ असलेला ब्रॉड स्ट्रीटचा पंप अव्वल आला. कैरोतल्या मलेरियाच्या डासांच्या पैदाशीच्या जागा शोधतानाही ती उपयोगी पडली. मनोचित्राला खरं-खोटं ठरवणारी अशी कसोटी परवडत नाही. ‘एकलकोंडा’ खोटं ठरवता येत नाही. ‘मॅनिंगहॅम किंवा शिपली’ ठरवता येतं. चुकण्याची अशी तयारी ठेवून काइंड यांनी नकाशावर बोट ठेवलं, म्हणूनच त्यांच्या कामाला विज्ञान म्हणायचं.